गुरुवारची हाळी

"फोन घेणार नाही," अक्का म्हणाली. "काय करायचं ते करा. पाण्याला पाट लागतो, फोन लागत नाही."

पाटातला गाळ उपसायचा दिवस होता. पाटावरच्या सगळ्या घरांची माणसं कुदळी-फावडी घेऊन जमली होती, पाय चिखलाने माखलेले, आणि पाटाच्या समितीचा अध्यक्ष देओदातुस वर काठावर गमबूट घालून उभा होता. त्याचं डोंगराखाली मोशी शहरात सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे. गावात येतो तो शनिवार-रविवारी, बाकीचे दिवस दुकानात बसून उंटावरून शेळ्या हाकतो.

"काकू, जग पुढं गेलं," तो म्हणाला. "आता पाण्याची बारी ग्रुपवर येणार. फोन नसेल त्याने शेजाऱ्याला विचारावं."

"माझ्या नवऱ्याच्या आजोबाने खणलेला पाट, आणि मी माझ्या पाण्याची वेळ शेजाऱ्याला विचारू?"

लोक खाली मान घालून हसले. मी मात्र कपाळावर हात मारला, कारण आता घरी गेल्यावर हे सगळं मलाच ऐकायचं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, अपोलोनिया. मी रेजिनाल्दा, पण तिच्या तोंडी कायम 'धाकटे'. आमचं अंगण एक, गाय एक, केळीची बाग एक, तोंडं मात्र दोन. माझा नवरा अरुशाला वॉचमन आहे, नाताळला येतो, खातो, जातो. तिचा नवरा मेल्कियोरी गेल्या पावसाआधी वारला. बागेतच पुरलाय, आमच्याकडे सगळ्यांना पुरतात तसा, आणि कबरीच्या उशाशी इसालेचं झाड लावलंय.

मेल्कियोरी होता तोवर बारीची हाळी तोच द्यायचा. संध्याकाळी वरच्या टेकाडावर उभा राहून ओरडायचा, "उद्या सकाळी पाणी दामियानीचं! दुपारनंतर किमारियोंचं!" आवाज असा की खालच्या ओढ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागायची. गुरुवार आला की शेवटी म्हणायचा, "आणि गुरुवार माझ्या बायकोचा!" लोक हसायचे, अक्का चुलीपाशी बसून त्याला शिव्या द्यायची. मग त्याचा गळा सुजला. आधी आवाज गेला, मग माणूस गेला. टेकाडावर कोणी उभं राहीना, तेव्हा देओदातुसने ग्रुप काढला.

आता सांगा, तिला त्या फोनचा राग येणार नाही तर काय होणार? तिच्या माणसाच्या गळ्याच्या जागी डबा आणून ठेवला होता.

गुरुवारी अक्का नेहमीसारखी पहाटे उठली आणि पाटावर जाऊन दारं मोडलं. आमचं दारं म्हणजे काय, केळीच्या खांबाचा तुकडा आणि वरून चिखल. तो काढला की पाणी बागेत. मी आत वाफ्यांना पाणी फिरवत होते. चार वाफे भिजले असतील नसतील, वरून गमबुटांचा आवाज आला. देओदातुस एकटा नव्हता, म्हातारा दामियानी आणि समितीतले अजून दोघं बरोबर होते. कोणीतरी चहाडी केली असणार.

"ग्रुपवर आजची बारी वेगळी आहे, काकू. हे पाणी चोरीचं झालं."

"गुरुवार माझा आहे."

"होता. जुना हिशोब मेल्कियोरीबरोबर गेला."

असं म्हणून त्याने केळीचा खांब बुटाने ढकलला आणि दारं बंद केलं. चिखलाचा शिंतोडा अक्काच्या तोंडावर उडाला. तिने पुसला नाही. म्हणाली, "तुझा आजा पाट खणायला सगळ्यात शेवटी आला होता, भाकऱ्या संपल्यावर. म्हणून तुमची जमीन शेपटाला आहे. तुला पाण्याची अक्कल कुठून असणार?"

देओदातुसचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हात उचलतो. पण त्याने हात उचलला नाही, त्याहून वाईट केलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "अध्यक्षाचा अपमान केलास. पाण्याची चोरी केलीस. आता इसाले घेऊन माझ्या दारी ये, मग बारी मिळेल. तोवर थेंब नाही."

आमच्याकडे इसालेच्या पानाला गाठ मारून कुणाच्या हातात दिलं म्हणजे माफी मागितली. आणि ज्याला दिलं त्याला नाही म्हणता येत नाही, मग खून का झालेला असेना. मागणाऱ्याचं नाक जमिनीला लागतं ते मात्र खरं.

"माझ्या कुंपणावर इसालेची अख्खी रांग आहे," अक्का म्हणाली. "त्यातलं एक पान तुला मिळालं तर माझं नाव बदल."

त्यानंतर आमच्या पाठी मोडल्या. पाऊस लांबलेला, वारा कोरडा. ओढ्यावरून बादल्या डोक्यावर घेऊन चढ चढायचा, केळीच्या बुडात ओतायचं, माती घोटभर पिऊन परत तोंड वासायची. केळीची पानं कडेने करपली, घड पोसेनात. एक झाड तर लेकुरवाळं असताना मधून मोडून पडलं, तेव्हा अक्का त्याच्या बुंध्यावर हात ठेवून बराच वेळ बसली. खालच्या माळावरून गवताचे भारे आणायचे, तेही वाळकं. गायीचं दूध आटलं. माझ्या मानेत अशी कळ यायची की रविवारी प्रार्थनेत मान खाली घालताना ओठ चावायला लागायचे.

"अक्का, एक पान दे ना त्याला," मी म्हणायची. "पानाने काय होतं?"

"तू दे. तुझं नाक लहान आहे, कमी घासेल."

सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही, त्यातली ती.

दारेसलामहून तिच्या लेकीचा, फेलिस्ताचा, फोन आला तो माझ्या बटणाच्या फोनवर. मीच तिला सगळं सांगितलं होतं, का नाही सांगू? मग बसने पुडकं आलं. आत फोन, काचेचा, चकचकीत.

अक्काने तो दोन बोटांत मेलेला उंदीर धरावा तसा धरला. "परत पाठव."

फेलिस्ता माझ्या फोनवर ओरडत होती. "आई, तुझ्याकडे फोन नाही हेच त्याचं कारण आहे ना? मग त्याचं कारण काढून घे! ग्रुपमध्ये जा, बारी कधी आहे ते वाच आणि छातीवर बस त्याच्या!"

हे 'छातीवर बस' अक्काला पटलं. लेकही आईचीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही फाट्यावर वेस्तिनाच्या टपरीत गेलो. वेस्तिना लोकांचे फोन चार्ज करून देते, तोंडात कायम भाजलेलं कणीस. तिने फोन सुरू केला आणि अक्काला म्हणाली, "अंगठा ठेवा, मावशी. कुलूप लावू."

अक्काने अंगठा ठेवला. फोन थरथरला. परत ठेवला. परत थरथरला.

"घेत नाही," वेस्तिना म्हणाली. "जरा पुसा बघू."

अक्काने अंगठा कमरेला गुंडाळलेल्या कांग्याच्या कापडाला घासला, थुंकी लावून घासला. काही नाही. जन्मभर कुदळ धरलेला अंगठा तो, त्याच्यावर रेषा कुठून राहणार? केळीच्या चिकाने काळा, भेगा पडलेला. टपरीतली दोन पोरं हसली.

"बोट आहे का खुरपं आहे, मावशी?"

"ह्या अंगठ्यावर मत दिलंय मी," अक्का म्हणाली. "तुझा डबा सरकारपेक्षा मोठा लागून गेला का?"

मग कुलूप बिलूप राहू दे म्हटलं. पण नुसत्या काचेलाही तिची बोटं कळत नव्हती. एक बोट, दुसरं बोट, डावा हात, उजवा हात. ती दाबायची, टोचायची, शेवटी दाणकन मारायची. माझं काम तेवढं वाईट नव्हतं, माझी बोटं चालत होती, आणि ते पाहून तिला जास्तच राग येत होता. अख्खी टपरी आमच्याकडे बघत होती. तिच्या कानापाशी घाम ओघळत होता. मला वाटलं आता ती फोन रस्त्यावर फेकते.

तिने फेकला नाही. करंगळी पुढे केली आणि काचेवरून ओढली. काच सरकली.

करंगळी कुदळीला कधी लागत नाही ना, ती बाहेर असते. सबंध हातात तेवढीच एक मऊ राहिली होती.

"हां," अक्का म्हणाली. "आता घाल मला त्या ग्रुपात."

वेस्तिनाने घातलं. बऱ्याच वेळाने देओदातुसचं उत्तर आलं, तो बोलूनच पाठवतो, लिहीत नाही. "स्वागत आहे, फेलिस्ताची आई. फोन आला, आनंद झाला. बारीचं बोलाल तर आधी इसाले." मागे दुकानात पत्रे आपटल्याचा आवाज येत होता. अक्काने ते ऐकलं, फोन कमरेच्या कांग्याच्या गाठीत खोचला आणि घराच्या वाटेला लागली.

म्हणजे फोन आला तरी पाणी नाहीच. कारण काढून घेतलं होतं, आता नुसता माज उरला होता.

पण फोन राहिला. फेलिस्ता रोज सकाळी काहीतरी पाठवायची, कधी नातवाचा फोटो, कधी नुसतं 'आई, जेवलीस का'. वाचायला अक्काला वेळ लागायचा, अक्षर अक्षर लावायची. तिला एवढं ठाऊक झालं होतं की काच उघडली की गोल गोल चित्रं एकाखाली एक येतात आणि सगळ्यात वरचा गोल लेकीचा. वरच्या गोलावर करंगळी ठेवायची, बस. बाकीच्या गोलांकडे ती बघतही नव्हती.

एका सकाळी मी गोठ्यात शेण काढत होते. अक्का कबरीपाशी होती. सगळी बाग पिवळी पडली होती आणि मेल्कियोरीच्या उशाचं इसाले तेवढं हिरवंगार उभं होतं, ते झाड मरत नाही सहसा. तिला वाटलं, पोरीला दाखवावं. करंगळीने फोटो काढला, वरच्या गोलावर ठेवली, पाठवला. मला हाक मारून म्हणालीसुद्धा, "धाकटे, फेलिस्ताला तिचा बाप पाठवला बघ. म्हटलं, अजून हिरवा आहे."

थोड्या वेळाने तिच्या कमरेला फोन गुरगुरायला लागला. थांबेचना. आम्ही उघडून पाहिलं. हात जोडलेली चित्रं, टाळ्यांची चित्रं, एकाखाली एक. मग दामियानीचा घोगरा आवाज, "देवाचे आभार. फेलिस्ताच्या आईने इसाले दिलं. आता भांडण संपलं." आणि मग देओदातुस, अगदी मधाळ, "मी स्वीकारलं. मनापासून स्वीकारलं. रविवारी समिती घेऊन येतो, प्यायला म्बेगे घेऊन येतो, बसू."

माझ्या हातातलं शेण गळून पडलं.

झालं होतं असं, की त्या सकाळी ग्रुपवर कोणीतरी काहीतरी बोललं आणि ग्रुपचा गोल वर सरकला. लेकीचा खाली गेला. फोटोत गाठ नव्हती, पण वाट बघत बसलेल्यांना नुसतं इसाले पुरलं. गोल जागा बदलतात हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला काय माहीत? चुलीची जागा बदलते का, गायीच्या खुंट्याची बदलते का?

अक्का मटकन खाली बसली. मी तिला नवरा गेला तेव्हासुद्धा अशी बसलेली पाहिली नव्हती.

आम्ही पळत वेस्तिनाकडे गेलो. ती म्हणाली, "त्यात काय, पुसून टाकते. सगळ्यांच्या फोनवरून जातं. दाबू?"

अक्काने तिचा हात धरला. "काय पुसतेस?"

"फोटो."

"कबरीवरचं इसाले पुसतेस? माझा माणूस आहे तो."

वाटेत मी तिला समजावून थकले. मी म्हटलं, अक्का, बघ, तू वाकली नाहीस. फोन वाकला. तुझं नाक जागेवर आहे आणि पाणी आपण होऊन दारी येतंय. रविवारी ते येतील, तू नुसती गप्प बस. एक घोट घे आणि गप्प बस. गाय जगेल, बाग जगेल. मूग गिळायचे, त्यात काय एवढं? मी रडत होते, खोटं कशाला सांगू. मला त्या बादल्या आता उचलवत नव्हत्या.

"त्यांना वाटतंय मी माफी मागितली."

"वाटू दे!"

"पाणीचोर होते म्हणून मागितली, असं वाटतंय त्यांना. म्हणजे गुरुवार माझा नव्हता. म्हणजे तो टेकाडावरून इतकी वर्षं खोटं ओरडत होता." तिने डोळे पुसले, आणि ते तिने कधी माझ्यासमोर केलं नव्हतं. "धाकटे, तू तुझं रड. मला विचार करू दे."

रविवारी प्रार्थना झाल्यावर ते आले. देओदातुस कोटात, पण पायात गमबूट, कारण आमची वाट चिखलाची असते असं त्याला वाटतं. पाणीच नव्हतं तर चिखल कुठला? दामियानी आणि समितीतले दोघं मागे. म्बेगेचा भोपळा भरून आणला होता, केळी आणि नाचणीच्या दारूचा आंबूस वास अंगणात पसरला. शेजारच्या बाया कुंपणावरून माना काढून उभ्या राहिल्या. मी बाकडं पुसून दिलं.

"काकू," देओदातुस म्हणाला, "तुम्ही मोठ्या आहात, तरी तुम्ही इसाले पाठवलंत. आमच्या बापजाद्यांची रीत नव्या फोनवरून पाळलीत. मी तर म्हणतो, गावाने शिकावं. घ्या, आधी तुम्ही प्या."

तिने वाडगा घेतला नाही.

"तू काय घेतलंस ते बघितलंस का?" ती म्हणाली.

"इसाले घेतलं."

"ये इकडे."

ती उठून बागेत निघाली. ते एकमेकांकडे बघत मागे गेले, देओदातुसच्या हातात वाडगा तसाच. कबरीपाशी येऊन तिने करंगळीने फोन उघडला, पाठवलेला फोटो शोधला आणि दामियानीच्या डोळ्यापुढे धरला. "आबा, तुमची नजर अजून बरी आहे. खाली कोपऱ्यात पांढरं काय दिसतंय?"

दामियानीने फोन जवळ नेला, लांब नेला. मग कबरीच्या सिमेंटकडे पाहिलं. मग इसालेकडे.

"हे इथलं आहे," तो म्हणाला. "हे मेल्कियोरीचं आहे."

"माझ्या कुंपणाचं एकही पान मी दिलं नाही, देणारही नाही. मी लेकीला तिच्या बापाचं झाड पाठवत होते, माझा हात चुकला. मी चुकले ते फोनला, तुला नाही." ती देओदातुसकडे वळली. "पण तू सगळ्या गावासमोर म्हणालास, स्वीकारलं. मनापासून, म्हणालास. ह्या डब्यात आहे तुझा आवाज, लावू का? मेलेल्या माणसाच्या उशाचं इसाले घेतलंस तू. म्हणजे मेल्कियोरीने तुझी माफी मागितली. आता इथे उभा राहा, त्याच्या तोंडासमोर वाडगा पिऊन रिकामा कर आणि सांग त्याला, त्याचा काय गुन्हा होता ते."

कुंपणावरच्या बायांतली एक "अगं बाई" म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला. कबरीवरचं इसाले आमच्याकडे कोणी तोडत नाही, पोरंसुद्धा त्याच्याजवळ खेळत नाहीत. मेलेल्यावर आळ घेणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

"ही फसवणूक आहे," देओदातुस म्हणाला. "इसाले तुमचं नसेल तर माफी नाही. माफी नाही तर पाणी नाही."

"मग मेलेल्याचं इसाले परत करतोस? म्हण तसं. मोठ्याने म्हण, मेल्कियोरी, तुझं इसाले मी नाकारलं."

इकडे आड, तिकडे विहीर. तो वाडगा धरून उभा राहिला आणि थोडी म्बेगे त्याच्या कोटाच्या बाहीवर सांडली. दामियानीने भोपळा उचलला, थोडी जमिनीवर कबरीच्या पायथ्याशी ओतली, टोपी काढली आणि वाटेला लागला. बाकीचे दोघं त्याच्यामागे. देओदातुस सगळ्यात शेवटी गेला, जाताना म्हणाला, "गुरुवारी बघू."

गुरुवारी पहाटे अक्का पाटावर गेली, दारं मोडलं आणि तिथेच काठावर पाय पसरून बसली. कुदळ शेजारी, फोन मांडीवर. मी आत वाफ्यांत होते. पाणी आलं. इतक्या दिवसांनी पायाला गार पाणी लागलं आणि मला काय वाटलं ते सांगता येत नाही, मी खाली वाकून तोंडावर पाणी मारून घेतलं.

फोन बोलायला लागला. अक्काने आवाज मोठा करून ठेवला होता, सगळ्या बागेला ऐकू जात होतं. देओदातुस मोशीच्या दुकानातून बोलत होता.

"दामियानी आबा, वरच्या दाराशी बाई बसलीय म्हणे. जाऊन बंद करा."

मग दामियानी, "गुडघा धरलाय रे. उठवत नाही."

"पाऊली, तू जा."

"गाय व्यायला झालीय. आत्ता, ह्या घटकेला."

"तुझी गाय गेल्या महिन्यात व्याली!"

"दुसरी."

माझं हसू आवरेना. पाऊलीकडे दुसरी गाय नाही, हे अख्ख्या डोंगराला माहीत आहे. मग एकाला शहरात जायचं होतं, एकाच्या डोळ्यात कचरा गेला होता, एकाने नुसताच खोकल्याचा आवाज पाठवला. देओदातुस एकेकाचं नाव घेत गेला. मेल्कियोरीच्या पाण्यावर हात टाकायला कोणी तयार नव्हतं. अक्का पाटात पाय सोडून ऐकत होती, एकदाही हसली नाही.

"मी स्वतः येतो मग," देओदातुस म्हणाला.

आला. मोटारसायकल फाट्यावर ठेवून, धापा टाकत, गमबुटात. तोवर अर्धी बाग भिजली होती. त्याने अक्काची कुदळ उचलली, केळीचा खांब ओढला. अक्का उठलीसुद्धा नाही.

"कर बंद," ती म्हणाली. "तुझा हात कोण धरतंय? तू त्याला माफ केलंस ना? माफ केलेल्या माणसाचं पाणी बंद करायचं असेल तर कर."

तो दाराशी वाकला. पाण्याकडे बघत राहिला. तिथून बागेत कबरीचं पांढरं सिमेंट दिसतं आणि उशाचं ते हिरवं झाड. मी वाफ्यात हातात चिखल घेऊन उभी होते. हे पाणी बंद झालं तर बाग गेली, एवढं एकच डोक्यात होतं.

त्याने खांब खाली ठेवला. "पाणी वाया घालवू नका," म्हणाला, आणि गेला.

म्हणजे हरलाही नाही आणि जिंकलाही नाही, असं त्याला वाटलं असेल. गावाला मात्र काय वाटायचं ते वाटलं. पण बारी अजून ग्रुपवर आली नव्हती. पुढच्या गुरुवारी परत बसायचं, परत तमाशा, असं किती दिवस चालणार? मी तसं अक्काला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मला वेळ आहे."

रविवारी सकाळी मी गवताला निघाले होते. बागेतून अक्काने हाक मारली. जाऊन बघते तर कबरीवर इसालेचं एक पान. उशाच्या झाडाचं नव्हे, दुसऱ्या कुठल्या कुंपणाचं, ताजं, आणि गाठ मारलेलं. भोवतीच्या ओल्या मातीत गमबुटांचे ठसे, येताना आणि जाताना. अंधारात येऊन ठेवून गेला होता, कोणी बघू नये म्हणून.

अक्का कबरीपाशी बसली. पान उचललं नाही. किती तरी वेळ नुसती गाठीकडे बघत होती. तिचा चेहरा सैल पडला होता आणि ती मला एकदम म्हातारी दिसली. मला वाटलं, संपलं आता, माणूस येऊन वाकून गेला, आता ही उठेल, गुपचूप चहा ठेवेल.

तिने कमरेची गाठ सोडून फोन काढला. करंगळीने फोटो घेतला, ह्या खेपेला नीट, पान आणि गाठ आणि ठसे सगळं आलं. मग ती गोलांवर आली.

"अक्का, थांब," मी घाईने म्हटलं, "वरचा गोल फेलिस्ताचा आहे."

"माहीत आहे. मला खालचा हवाय."

आणि तिने पाठवला. पाठोपाठ फोन तोंडाशी धरून बोलली, हळू नाही, टेकाडावर बोलतात तशी. "देओदातुस, तुझं इसाले पोचलं. आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. मेल्कियोरीने घेतलं. आता गुरुवारचं काय ते सगळ्यांना सांग."

फोन गप्प. कोंबडी आमच्या पायातून निघून गेली. खाली चर्चची घंटा झाली, तरी फोन गप्प. मी म्हटलं, दुखावला असेल, रात्री आला होता बिचारा. अक्का म्हणाली, "पाणी बंद केलं ते दिवसाढवळ्या."

मग फोन थरथरला. देओदातुसच होता. घसा साफ केला, थांबला, परत साफ केला.

"पाटावरच्या सगळ्यांना कळवतो. सोमवार दामियानीचा. मंगळवार पाऊलीचा. बुधवार किमारियोंचा." इथे तो इतका वेळ थांबला की मला वाटलं संपलं. "गुरुवार फेलिस्ताच्या आईचा."

अक्काने तो आवाज परत लावला. ह्या वेळी वाकून, फोन कबरीच्या सिमेंटला टेकवून धरला, आणि पुरा होईपर्यंत हात हलवला नाही.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "आता हाळी तो देतोय."

मग फोन गाठीत खोचला आणि माझ्या हातातून विळा घेतला. गाय केव्हापासून हंबरत होती.